जावक क्रमांक दोन : अळूवडी

जर्मन शिकून माझ्या नवऱ्याला, भालचंद्रांना, काय मिळणार होतं, याचा हिशेब मी क्लासचा फॉर्म भरण्याआधीच मांडला होता. एक, प्रमाणपत्र. दोन, डॉक्टरांनी सांगितलेला मेंदूचा व्यायाम. तीन, हॅम्बुर्गला मुलाकडे, अंशुमनकडे गेल्यावर बेकरीत काचेवर बोट आपटत ‘धिस, धिस’ म्हणावं लागणार नाही. तिन्ही मिळून लाभ मध्यम स्वरूपाचा होता. माझा लाभ मात्र घसघशीत होता : मंगळवार ते शनिवार, सकाळी दहा ते बारा, रिकामं घर.

रिकामं घर मला गाण्यासाठी हवं होतं. संगीत विशारदची परीक्षा मी सत्ताविसाव्या वर्षी अर्ध्यावर सोडली होती. मग ऑडिटमधली नोकरी, मग अंशुमन, मग बदल्या, मग सासूबाईंचे गुडघे. सगळी कारणं नियमात बसणारी होती. निवृत्त झाल्यावर मी पुन्हा फॉर्म भरला. परीक्षा डिसेंबरात होती आणि माझं वय एकसष्ट. या खेपेला राहिलं तर राहिलंच, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भालचंद्र गाण्याचे शत्रू नाहीत, हीच खरी अडचण आहे. शत्रू असते तर दार लावून घेता आलं असतं. ते कौतुकाने समोर खुर्ची ओढून बसतात, डोळे मिटतात, एकतालावर तीनतालाच्या टाळ्या देतात आणि सम येऊन गेल्यावर, तिला फाटकापर्यंत पोचवून परत आल्यासारखे, ‘वा!’ म्हणतात. असं प्रेमाने वागणाऱ्या माणसाला ‘जरा बाहेर जा’ कसं म्हणणार? म्हणून जर्मन.

क्लास मुनिरकाला. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या घरून मेट्रोने जनकपुरी वेस्टला गाडी बदलायची, मग तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, तिथे सहा विद्यार्थी आणि शिकवणारी तनया. तनया आमच्या ओळखीतली. जन्म दिल्लीचा, जर्मनमध्ये पीएचडी चालू, आणि मराठी घरापुरती. ‘किसणी’ म्हटलं की ती दोन सेकंद थांबते आणि मग ‘हां हां, कद्दूकस’ म्हणून पुढे जाते. पण मुलगी गुणी आहे.

दोन आठवडे व्यवस्था उत्तम चालली. नऊला दार लागायचं, घरातली कामं आटपून दहाला मी मोबाइलवर तानपुरा लावायचे आणि तोडी घ्यायचे. तोडीचा गंधार फार लाजरा असतो, घरात दुसरं माणूस असलं की बाहेर येत नाही. त्या दोन आठवड्यांत तो माझ्याकडे चक्क राहायला आला होता.

तिसऱ्या आठवड्यात ‘अपशिकन’ आलं.

हे जर्मन लोकांचं रोजच्या वापरातलं क्रियापद आहे. अर्थ : रवाना करणे, पाठवून देणे. त्याची खोड अशी की वाक्यात शिरलं की त्याचे दोन तुकडे होतात. ‘शिके’ पुढे बसतं आणि ‘अप’ थेट वाक्याच्या टोकाला. ‘इष शिके दास पाकेट अप.’ म्हणजे, मी पार्सल रवाना करतो. बाकीची मंडळी या तुकड्यांनी हैराण झाली म्हणे. भालचंद्रांना काहीच नवल वाटलं नाही.

‘‘बरोबरच आहे,’’ ते जेवताना म्हणाले. ‘‘आमच्याकडेही पाठवतो असं पहिल्या दिवशी म्हणायचे, आणि कागद हलायचा शेवटी. मध्ये वाटेल तेवढं मावतं.’’

त्यांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात बत्तीस वर्षं काढली, त्यातली सतरा आवक-जावक विभागात. त्या सतरा वर्षांत त्यांच्या जावक नोंदवहीत एकही अशी ओळ नाही, की जिच्यातला कागद खरोखर इमारतीबाहेर गेला नव्हता. हे मला माहीत होतं. त्याचे परिणाम मात्र मी हिशेबात धरले नव्हते.

तनयाने गृहपाठ दिला : रोज तीन वाक्यं लिहा, आज काय काय पाठवलं. त्या संध्याकाळी भालचंद्र वहीपुढे कपाळ धरून बसले.

‘‘काय झालं?’’

‘‘मी पार्सल पाठवलेलं नाही.’’

‘‘अहो, मग पत्र लिहा. पत्र पाठवलं म्हणा.’’

‘‘पत्रही पाठवलेलं नाही, सुहास.’’

‘‘तनया काय मुनिरकाहून तपासायला येणार आहे?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, दुखावल्यासारखं. ‘‘तपासण्याचा प्रश्न नाही. वहीत ‘रवाना’ लिहायचं आणि वस्तू घरात पडलेली? तू हे म्हणतेस? तू?’’

इथे माझी कोंडी झाली. अशाच नोंदी पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. रवानगी दाखवली आहे आणि माल कपाटात आहे, या एका वाक्यावर मी लोकांच्या बढत्या अडवल्या होत्या. आता नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू की खोटं लिहा? शिवाय गृहपाठ अडला की क्लास अडणार, क्लास अडला की दहा ते बारा भालचंद्र खुर्चीत. मी म्हटलं, ‘‘बरं, मग पाठवा काहीतरी.’’

जावक क्रमांक एक म्हणजे नागपूरला धाकटे दीर सुधन्वा यांना साधं पत्र. मजकूर : ‘कळविण्यास कारण की, विशेष कारण नाही.’ पाच दिवसांनी सुधन्वाभावजींचा घाबराघुबरा फोन आला, ‘‘वहिनी, दादाची तब्येत ठीक आहे ना? पोस्टाने पत्र आलंय!’’

जावक क्रमांक दोन, अळूवडी. मी नुकतेच अळूचे उंडे उकडून ठेवले होते. त्यातले तीन चौथ्या मजल्यावरच्या मिसेस सबरवालना द्यायचे ठरले. त्यांनी ते घरी कापून तळले की गरम खाता येतील, म्हणून उंडे तसेच, दोऱ्याने बांधलेले, डब्यात घातले. मी म्हटलं, ‘‘जा, देऊन या.’’

‘‘स्वतः नेऊन देणं म्हणजे पाठवणं नव्हे,’’ भालचंद्र म्हणाले. ‘‘ती दस्ती झाली. हातोहात. दस्तीला जावक क्रमांक नसतो.’’

त्यांनी यावर विचार केला आणि मग डबा लिफ्टमध्ये ठेवला, आत हात घालून चारचं बटण दाबलं, दार बंद होऊ दिलं आणि घरात येऊन वहीत लिहिलं : ‘इष शिके दी दोझं अप.’ दोझं म्हणजे डबा. मग मिसेस सबरवालना फोन लावला. तो त्यांनी उचलला नाही. इकडे सातव्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट बोलावली होती, आणि चौथ्या मजल्यावर कोणी न उतरवलेला डबा एकटाच आणखी वर निघून गेला.

दिल्लीत माणूस एकटा फिरला तर त्याच्याकडे कोणी बघत नाही. वस्तू एकटी फिरली की सगळे बघतात. रोज मेट्रोत ‘लावारिस वस्तु को न छुएँ’ ऐकून ऐकून इथल्या माणसाच्या हाडांत ते मुरलेलं आहे. सातव्या मजल्यावर लिफ्टबाहेर उभे होते आमचे सेक्रेटरी निगमसाहेब. ते मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मालाच्या फाटकावर तीस वर्षं मॅनेजर होते. त्यांनी दोन पावलं मागे घेतली, पायाने लिफ्टचं दार अडवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला : ‘टॉवर बी लिफ्ट. अनअटेंडेड स्टील ऑब्जेक्ट. कृपया सीढ़ी का प्रयोग करें.’

फोटो स्वच्छ होता. डब्याच्या झाकणावर कोरलेलं ‘सौ. सुहासिनी भा. टिपणीस, २४-५-१९८९’ तीनशे बारा लोकांना वाचता येत होतं. त्यातल्या काहींनी माझ्या लग्नाची तारीख समजून अभिनंदनही केलं.

मी धावत वर गेले. तोवर गार्ड दुबेजींनी आगीच्या वेळी वापरायची वाळूची बादली आणून डब्याशेजारी ठेवली होती. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

‘‘ये आपका नाम है?’’ निगमसाहेबांनी विचारलं.

‘‘जी.’’

‘‘इसमें क्या है?’’

‘‘अळूवडी. मतलब अरबी के पत्ते. बेसन लगाके रोल करते हैं.’’

दुबेजींनी काठीच्या टोकाने झाकण उचललं. आत काळपट हिरवे, वीतभर लांबीचे तीन नळे, दोऱ्याने घट्ट आवळलेले. मीसुद्धा क्षणभर घाबरले.

‘‘ये धागा क्यों है?’’ निगमसाहेब हळूच म्हणाले.

‘‘खुल न जाए इसलिए.’’

‘‘खुल गया तो क्या होगा?’’

‘‘बेसन गिरेगा जी!’’

तेवढ्यात मिसेस सबरवाल ओल्या केसांवर टॉवेल गुंडाळून जिना चढत आल्या. ‘‘हाय रब्बा, ये तो मेरे हैं!’’ म्हणत त्यांनी सरळ डबा उचलला, एक उंडा नाकाशी धरला आणि विचारलं, ‘‘सुहासिनी जी, इमली डाली है न?’’ मग भालचंद्र वहीसकट आले, आणि वस्तू योग्य ठिकाणी पोचल्याची नोंद त्यांनी तिथेच जिन्यात उभ्याने केली.

इथे हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण निगमसाहेब फाटकावर आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनी दुसऱ्याच दिवशी छापील पावती काढली : एका घरातून दुसऱ्या घरी कुठलाही खाद्यपदार्थ दुबेजींमार्फतच जाईल, पावतीवर पाठवणारा, घेणारा, पदार्थ, आणि शेवटी दोन चौकोन : ‘रिटर्नेबल’ आणि ‘नॉन-रिटर्नेबल’. कारखान्यातून परत येणारा माल आणि न येणारा माल असा फरक करतात, तसाच इथेही. वाटपाची वेळ दहा ते बारा, कारण त्या वेळात दुबेजी मोकळे असतात.

भालचंद्रांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. निवृत्त माणसाला कोणीतरी त्याची नोंदवही परत दिली होती. ते रोज क्लासला जाण्याआधी तीन डबे भरून घेऊ लागले. आज साबुदाण्याची खिचडी, उद्या चिवडा, परवा शेंगदाण्याची चटणी. आमचे डबे स्टीलचे, नाव कोरलेले, त्यामुळे सगळ्या पावत्यांवर खूण एकाच चौकोनात : रिटर्नेबल. आणि परत येणारा डबा रिकामा कोण पाठवतं? आपल्याकडे नाही, पंजाब्यांकडे नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाक्षी अय्यरकडे तर नाहीच नाही. खिचडी गेली की राजमा यायचा, चिवडा गेला की मुरुक्कू. काही लोक स्वतःच्या डब्यातही काहीतरी जादा पाठवत, मग तो डबा आमच्याकडे थकबाकीत. तोही रिकामा कसा धाडायचा?

या सगळ्याची पोच घ्यायला घरी कोण? दहा ते बारा मी.

आमच्या दाराची बेल दोन सुरांची आहे, डिंग-डाँग, आणि योगायोगाने माझ्याच पट्टीत. गंधारावरून षड्जावर येते, पण शुद्ध गंधार. मी डोळे मिटून तोडीचा कोमल गंधार आर्जवाने बोलवावा, तो उंबऱ्यापर्यंत यावा, आणि नेमकं बेलने वाजून सांगावं की बाई, गंधार हा असा असतो. दारात दुबेजी, हातात राजमा. सही करा, डबा घ्या, आतला पदार्थ काढा, डबा घासा, त्यात काय घालावं याचा विचार करा. एका शुक्रवारी मी मोजलं : बेल नऊ वेळा, विलंबित एक आवर्तनही पूर्ण नाही. दोन तास मिळावेत म्हणून मी माणूस मुनिरकाला धाडला होता. ते दोन तास तर गेलेच, वर डब्यांत घालायचं काहीतरी करण्यात रोजची संध्याकाळही जात होती.

मी गुपचूप तनयाला फोन केला. ‘‘अगं, तू दुसरं क्रियापद घे ना.’’

‘‘काकू, काका खरंच पाठवतात? मी तर बस असंच एक्झाम्पल दिलं होतं यार! बाकी सगळे लिहितात, मी विमान पाठवतो, हत्ती पाठवतो...’’

‘‘पुढचं कुठलं आहे?’’

‘‘नेक्स्ट वीक ‘मिळणं’ करणार होते. रिसीव करणं.’’

‘‘नको!’’ मी इतक्या जोरात म्हणाले की बेल वाजायची थांबली. ‘‘दुसरं काही नाही?’’

‘‘एक आहे, ‘जाऊन घेऊन येणं’.’’

‘‘म्हणजे यात हे स्वतः घराबाहेर जातील?’’

‘‘बिल्कुल.’’

‘‘ते घे. महिनाभर घे.’’

पण दिवाळी आडवी आली. फराळाचा तो आठवडा मी विस्ताराने सांगत नाही. सत्तेचाळीस पावत्या फाटल्या, एवढी नोंद पुरे. दुबेजींना एकट्याने झेपेना, तेव्हा निगमसाहेबांनी भालचंद्रांना विनंती केली की टिपणीस जी, दहा ते बारा आप ही गेट पर बैठ जाइए, आप तो इस लाइन के हैं. भालचंद्र मला न विचारता बसले. दिवाळी संपली तरी उठले नाहीत. क्लासला त्यांनी रीतसर रजेचा अर्ज पाठवला, जर्मनमध्ये. तनया म्हणाली, एकही चूक नव्हती.

म्हणजे आता जर्मनही नाही, आणि दर वीस मिनिटांनी नवरा गेटवरून वर येतो, पाणी पितो, मी गात असले तर खुर्ची ओढतो आणि ‘वा!’ म्हणून पुन्हा खाली जातो. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते.

मी शेवटचा उपाय केला. हॉटेलातून पार्सलबरोबर आलेले पातळ प्लास्टिकचे डबे मी धुऊन ठेवले होते. त्यात भरली वांगी घालून मिसेस सबरवालना पाठवली आणि पावतीवर स्वतःच्या हाताने दुसऱ्या चौकोनात खूण केली : नॉन-रिटर्नेबल. डबाच परत यायचा नाही तर साखळी तुटेल, असा माझा हिशेब.

अर्ध्या तासात त्या दारात. हातात तोच डबा, उघडलेलाही नाही.

‘‘सुहासिनी जी, डिस्पोज़ेबल? ग्यारह साल का आना-जाना है. मैं क्या ऑनलाइन ऑर्डर करती हूँ आपसे?’’

‘‘नहीं जी, वो तो...’’

‘‘और ये पर्ची में लिखा है, वापस मत भेजना. दुबे ने पढ़ के सुनाया मुझे. दुबे ने!’’

त्यांचे डोळे भरले होते. तीस वर्षं मी लोकांना लेखी आक्षेप पाठवले, कधी कोणी दारात येऊन रडलं नव्हतं. मी त्यांना आत बसवलं आणि काही न लपवता सांगितलं : सत्तावीस वर्षांची असताना सोडलेली परीक्षा, डिसेंबर, गंधार, बेल. त्या ऐकत राहिल्या. मग टॉवेलाने पुसावेत तसे ओढणीने डोळे पुसून म्हणाल्या,

‘‘तो पागल, पहले बताना था न. मैं दस से बारह सत्संग जाती हूँ. चाबी रखो. मेरे यहाँ गाओ.’’

‘‘और भाईसाहब?’’

‘‘वो बालकनी में रहते हैं, शीशा बंद करके, अख़बार लेके. उनको कोई फ़र्क़ नहीं पड़ता जी.’’

ऑडिटमध्ये तोंडी आश्वासन आम्ही कधीच ग्राह्य धरत नसू. जागेवर जाऊन खातरजमा करा, संबंधिताचं म्हणणं लेखी घ्या, हा पहिला नियम. त्या दिवशी मी नियम मोडला आणि किल्ली घेतली.

पाच आठवडे मी सबरवालांच्या दिवाणखान्यात तोडी गायले. इकडे आमचे डबे येत-जात राहिले, त्यांची पोच भालचंद्र गेटवरच घेत आणि घरी आले की आतला पदार्थ काढून डबा स्वतः घासत. कारण, ते म्हणाले, आवक घेतली की पुढची कार्यवाही त्याच टेबलाची. काय भरायचं हेही तेच ठरवू लागले. गूळ-शेंगदाण्यावर त्यांचा भर होता. कोणाची तक्रार आली नाही. आणि बाल्कनीत काचेपलीकडे सबरवालसाहेबांची पाठ दिसायची, सरळ, शांत, वर्तमानपत्रामागे. मी कधी दमून थांबले की त्यांचे खांदे जरा खाली यायचे. मला वाटायचं, पान उलटत असतील.

परीक्षा झाली. आलापात मी गंधारावर आले आणि दोन मात्रा नुसती थांबले, बेल वाजेल म्हणून. वाजली नाही. मग माझा मीच गंधार लावला. परीक्षकांनी मान हलवली आणि थांबण्याच्या त्या जागेचं खास कौतुक केलं. जानेवारीत निकाल लागला : विशारद, द्वितीय श्रेणी. चौतीस वर्षं थकलेली एक बाब निकालात निघाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून थोडी रडले आणि मग पेढे घेऊन चौथ्या मजल्यावर गेले.

मिसेस सबरवालनी मला मिठी मारली. सबरवालसाहेब पहिल्यांदाच काच सरकवून आत आले. उंच, अदबशीर गृहस्थ, बँकेतून निवृत्त. त्यांनी पेढा घेतला.

‘‘मुबारक हो, भाभीजी. तो अब... हो गया?’’

‘‘ये वाला हो गया भाईसाहब. अब इसके बाद अलंकार है.’’

‘‘वो कितने दिन का?’’

‘‘दो साल.’’

‘‘तो यहीं गाएगी, और कहाँ!’’ मिसेस सबरवाल म्हणाल्या. ‘‘चाबी वापस की तो देखना.’’

सबरवालसाहेबांनी पेढ्याचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि विचारलं, टिपणीस जी जिस क्लास में जाते थे, उसका टाइम क्या था?

पुढच्या आठवड्यात तनयाचा फोन आला. ‘‘काकू, काकांची सीट भरली. एक नवीन अंकल आलेत, तुमच्याच बिल्डिंगचे. बहुत सिन्सियर. पहिल्याच दिवशी विचारत होते, ये कोर्स दो साल का हो सकता है क्या?’’

तेव्हा ताळेबंद असा. भालचंद्रांना एक क्रियापद पूर्ण आलं आणि एक टेबल मिळालं. निगमसाहेबांना फाटक मिळालं. मला गंधार मिळाला. किंमत सबरवालसाहेब चुकती करताहेत, मंगळवार ते शनिवार, दहा ते बारा, जनकपुरी वेस्टला गाडी बदलून.